पितळेचे टाके

मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात, वरच्या मजल्यावर, काचेच्या कपाटात एक चिनी सुरई उभी आहे. कमरेइतकी उंच, पांढरी, अंगावर निळे ढग. ती चीनच्या कुठल्या राजाच्या काळातली आहे ते पाटीवर लिहिलंय. कुणी देणगी दिली तेही लिहिलंय, जरा मोठ्या अक्षरांत. ती सात तुकडे होऊन, पेंढ्यात गुंडाळून दिघीच्या बंदरावर उतरली होती आणि तिथल्या एका म्हाताऱ्यानं तिला पुन्हा उभं केलं, हे मात्र कुठंही नाही.

ह्यावर एक खरमरीत पत्रक काढायचं माझ्या मनात होतं. राबणाऱ्याचं नाव पुसायचं आणि देणगीदाराचं रंगवायचं, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे आणि मला तिचा संताप येतो. पण ते म्हातारे, दाऊदचाचा, असते तर म्हणाले असते, "माझं नाव ऱ्हाऊ दे. त्या पोरीचं लिव."

तर त्या पोरीचंही लिहितो. खाडीच्या पलीकडच्या काठावर जुबेदा नावाची बाई राहते. सासरच्यांनी तिच्यावर जेवणात विष घातल्याचा आळ घेतला आणि तिला माहेरी धाडलं. तेव्हापासून तिच्या हातचं कुणी खात नाही. कपाटातली ती देखणी सुरई आणि ही बाई, ह्यांचा संबंध दाऊदचाचांच्या हातांतून जातो.

मी दिघीला पोचलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दिवस मिठाच्या चळवळीचे. इंग्रजी हद्दीत माझ्या नावाचं वॉरंट होतं, संस्थानी मुलखात ते लवकर पोचत नसे, म्हणून मी खाडी धरून खाली सरकलो होतो. मशिदीमागच्या नारळाच्या वाडीत चाचांचं दोन खणांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पडवीत मला जागा दिली. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत माझं पत्रक त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं आणि परत दिलं.

"शिव्या झ्याक हायेत," ते म्हणाले. "पन मानसानं करायचं काय, ते कुठं लिवलंय?"

"लोक पेटून उठतील, चाचा."

"बरं. पेटून उठतील. मंग जेवायला कधी बसतील?"

मला राग आला. त्या घरात मला बऱ्याचदा राग येई, आणि त्याचं उत्तर म्हणून समोर भाकरी येई.

त्यांचा धंदा फुटलेली चिनी भांडी सांधायचा. ह्या किनाऱ्यावरच्या जुन्या मुसलमान घरांतून पूर्वजांनी गलबतांवरून आणलेले थाळे, बरण्या, सुरया असतात. फुटलं की ते चाचांकडे यायचं. भांडं हातात आलं की आधी नखानं टिचकी मारून कानाशी धरायचे. धड भांडं वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. मग फुटलेल्या काठावरून जिभेचं टोक फिरवायचे, कारण डोळ्याला न दिसणारी चीर जिभेला लागते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जिभेवर बारीक वळ होते.

आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: "कुनाच्या हातून?"

बायका एकमेकींकडे बघायच्या. मग चाचा म्हणायचे, "अगो, नाव नको मला. हात किती उंच व्हता ते सांग, आनि खाली जमीन की फरशी." एकदा एक सात-आठ वर्षांची मुलगी आईमागं लपून हुंदके देत होती. तिला म्हणाले, "तुझ्या हातून व्हय? मंग काय, तू बुटकी हायेस, चारच तुकडं झालं असतील. तुझी आई पाडती तर मी मेलो असतो." मुलगी हसली, आईनं तोंडाला पदर लावला.

सांधा घालायची त्यांची रीत अशी. हिरकणीच्या टोकाचा सामता धनुकलीनं फिरवून चिरेच्या दोन्ही बाजूंना भोक पाडायचं, आरपार जाऊ न देता. पितळेच्या तारेचा टाका तापवून त्या भोकांत बसवायचा. निवताना तार आखडते आणि दोन्ही काठ ओढून धरते. वरून अंड्याचा पांढरा बलक आणि चुना. असा टाके घातलेला थाळा तुम्ही चुलीवरून उतरवलेल्या सालनाच्या रश्शानं भरा, काही होत नाही. टाके दिसायचे, आणि ते त्यांना हवंच होतं. "दिसला पायजे. हातात घेनाऱ्याला कळलं पायजे की हितं हळू धरायचं."

संग्रहालयाची खोकी मी यायच्या आधीपासून आगबोटीनं येत होती. खोकं उघडलं की चाचा सवयीनं पेंढ्यालाच विचारायचे, "कुनाच्या हातून?" पेंढ्यात तुकडे असायचे आणि एक आकडा लिहिलेला कागद. तेवढंच.

एकदा संग्रहालयाचे साहेब स्वतः आले. आपलेच, काळे, टोपीवाले. टाके घातलेली बरणी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"दाऊदमियाँ, ही काय गोणी शिवलीत?"

"साहेब, तुमच्या नातवापर्यंत हलनार नाय."

"अहो, हलवणार कोण? कपाटात ठेवायची वस्तू. तिच्यात कोण आमटी वाढणार आहे?"

साहेबांचं त्यांच्यापुरतं बरोबर होतं. त्यांनी लाखेच्या कांड्या, गिलाव्याची पांढरी भुकटी, रंगाच्या बाटल्या, केसासारखे कुंचले दिले. लाख वितळवून तुकडे चिकटवायचे, जिथं तुकडा हरवलाय तिथं भुकटीचा लेप भरायचा, वर रंग, वर चमक. सांधा दिसता कामा नये. चाचांनी हे सगळं वर्षभरात असं उचललं की निळ्या ढगांची ती सुरई परत गेली तेव्हा साहेब भिंग घेऊन अर्धा दिवस चीर शोधत बसले होते म्हणे. चाचा ती बघायला आगबोटीनं मुंबईला गेले. कपाटाला बोट लावून बरोबरच्या माणसाला दाखवत होते, हा तुकडा इथून, हा तिथून. पहारेकरी ओरडला, "ए बुड्ढे, हात हटाव!" चाचांनी हात काढला. "बराबर हाय त्याचं," त्यांनी मला हसत सांगितलं, "नाजूक वस्तू हाय." मला हसू आलं नाही. पण त्या दिवशीचा त्यांचा चेहरा अभिमानाचा होता, हे लपवून ठेवणं खोटेपणाचं होईल.

हाच अभिमान पुढं नडला.

गावात हुसैनशेठ म्हणून मोठं घर होतं. नारळाचा व्यापार, धाकटा मुलगा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पेढी सांभाळायला. त्यांच्याकडे फिकट हिरव्या रंगाचा एक जुना चिनी थाळा, चार माणसं भोवती बसून जेवतील एवढा. असल्या हिरव्या थाळ्याबद्दल ह्या किनाऱ्यावर सगळे मानतात की त्यात विषारी अन्न पडलं तर तो तडकतो. लग्नं जमवताना त्या थाळ्याचा उल्लेख व्हायचा. तर हा थाळा एक दिवस शेठच्याच हातून निसटला आणि दुभंगला. कुणी पाहिलं नाही. शेठ फडक्यात गुंडाळून चाचांकडे आले आणि म्हणाले, टाके नकोत. संग्रहालयवालं काम कर. कुणाला कळता कामा नये.

चाचांनी केलं. मी ते बघत होतो. काम संपल्यावर त्यांनी शेठचा हात धरला. "हुसैनभाय, हा आता बघायचा थाळा झाला. ह्यात जेवान वाढायचं नाय. लाख हाय, गरम लागलं की सुटंल."

"नाय वाढनार. आनि तू बोलनार नायस."

"नाय बोलनार."

असा तो सौदा. दोघांनी शब्द दिला.

पुढच्या हिवाळ्यात शेठच्या मुलीच्या साखरपुड्याला मुरूडकडचे व्याही आले. ते म्हणाले, तो थाळा बघू. बघितल्यावर म्हणाले, ह्यातच बसू जेवायला. शेठनी एवढंच म्हणायला हवं होतं की हा सांधलेला आहे. त्यांनी म्हटलं, "वाढा!" चुलीपाशी धाकटी सून, जुबेदा. लग्नाला वर्ष झालेलं. तिनं भातावर उकळतं सालन ओतलं, पडद्याआडून थाळा बाहेर गेला, आणि पाहुण्यांचे हात पुढं होतात तोच लाख सुटली. थाळा मधोमध उघडला. सालन चादरीवर पसरलं.

व्याह्यांनी हात मागं घेतले. कुणीतरी म्हणालं, "जहर." सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याआड जुबेदा हातात पळी घेऊन उभी.

एकानंही घास घेतला नव्हता. त्यामुळं कुणाला काही झालं नाही, आणि काही झालं नाही हा पुरावा धरायचा सोडून लोक म्हणाले, थाळ्यानं वाचवलं! ते सालन उकिरड्यावर टाकलं. कुत्र्यांनी खाल्लं. कुत्री ठणठणीत होती. कुत्र्यांची साक्ष कोण काढतो? थाळ्याचे तुकडे शेठनी स्वतः खाडीत फेकले आणि दुसऱ्या सकाळी जुबेदाला बोचक्यासकट होडीत बसवलं.

चाचा जेवणाला नव्हते, तापानं पडून होते. कळलं तसे काठी टेकत शेठकडे गेले. मी पायरीशी उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"दाऊद, तू जबान दिलीयस."

"तुमी बी दिलेली. जेवान वाढनार नाय म्हनून."

"ओरडू नको. माझ्या पोरीचं लगीन हाय. आज हे भाईर गेलं तर व्याही उठून जातील. लगीन होऊ दे, मंग मी सोता जुबेदाला आनतो."

आणि चाचा गप्प बसले. दोन महिने. मी त्यांच्यावर तुटून पडलो. म्हटलं, तुम्ही भ्यालात. शेठला भ्यालात, तुमच्या कामाचं नाव जाईल म्हणून भ्यालात.

"व्हय," ते म्हणाले. "भ्यालो." आणि पुन्हा सामता फिरवायला लागले.

लग्न झालं. शेठ म्हणाले, आता कशाला उकरतोस, पोरगी माहेरी सुखात आहे. त्या दिवशी चाचांनी संग्रहालयाचं खोकं बाजूला सारलं आणि ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरले. गुडघाभर गाळ, त्यात कालवांच्या धारदार शिंपा. डोळे तोवर अधू झालेले, म्हणून बोटांनी चाचपत होते. तीन ओहोट्या गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली तेव्हा त्यांच्या हातात हिरव्या थाळ्याचा काठ होता, कडेला तपकिरी लाखेची रेघ. बोटांतून रक्त येत होतं. तो तुकडा त्यांनी जिभेला लावून बघितला.

शुक्रवारी नमाज सुटली तेव्हा चाचा मशिदीबाहेर शेगडी पेटवून बसले होते. मी दगडी गडग्यापलीकडे उभा. लोक जमले, शेठही थांबले. चाचांनी तुकडा चिमट्यात धरून निखाऱ्यावर नेला. लाख फुगली, वितळली, ठिबकली. लाखेचा तो वास सगळ्यांना आला.

"हा जहराचा वास हाय का? लाखेचा हाय. लाख माझी हाय. थाळा आधीच फुटलेला. मी सांधला आनि मी लपवला. पोरीचा काय गुन्हा नाय."

शेठ पटकन म्हणाले, "ऐकलंत? ह्याच्या कच्च्या कामानं माझी इज्जत गेली!"

"म्हंजे पोरीचं घर तूच मोडलंस, दाऊद," एक जण म्हणाला.

"व्हय, मीच. म्हनून सांगतोय, तिला आना."

एक म्हातारा दाढी कुरवाळत म्हणाला, "बघू."

गाव खोटं बोललं असतं तर मी भांडलो असतो. गावानं खरं मान्य केलं, आणि घरी जेवायला गेलं. तुकडा खरा, लाख खरी, पण एकदा जिच्या हाताशी जहर हा शब्द जोडला गेला तिला चुलीपाशी परत कशाला बसवा? शेठनी आफ्रिकेला मुलाला काय कळवलं ते ठाऊक नाही. पुढं तिकडून तलाक आला.

मी माझ्या परीनं जे येत होतं ते केलं. पत्रक काढलं. मथळा मोठा, शेठना पोटभर शिव्या, जुबेदाचं नाव चार ठिकाणी. चाचांनी ते वाचलं. "आतापत्तुर दोन-तीन गावांना ठावं व्हतं," ते म्हणाले. "आता सगळ्या किनाऱ्यावर गेलं." त्यानंतर त्या विषयावर मी पत्रक काढलं नाही.

मग त्यांनी मला संग्रहालयाला चिठ्ठी लिहायला बसवलं. लाखेनं सांधलेल्या एकेका वस्तूचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. ते सांगत गेले: प्रत्येकीच्या पाटीवर, ही सांधलेली आहे, एवढं लिहा. माझं नाव नको. यापुढं मी टाकेच घालीन, दिसणारे. मी म्हटलं, चाचा, कपाटातल्या वस्तूनं कुणाचं काय बिघडणार आहे? ते म्हणाले, "कपाटातनं कधी भाईर येईल, तू सांगशील?" संग्रहालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या सेवेची आता आवश्यकता नाही. आगबोटीवरून खोकी यायची थांबली. आणि गावातल्या बायकाही भांडी आणेनाशा झाल्या, कारण दाऊदनं कशात काय लपवलंय कोण जाणे.

रिकामे झाले तसे चाचा दर शुक्रवारी होडीनं पलीकडे जाऊ लागले. पहिल्या खेपेला मी बरोबर होतो. जुबेदाचा बाप गलबतावरचा तांडेल, घर ऐन गल्लीत. माहेरीही चूल भावजयीच्या ताब्यात. जुबेदानं पाणी भरायचं, अंगण झाडायचं, शिजवण्याला हात लावायचा नाही. चाचा आत गेले नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसले.

"पोरी, भूक लागलीय."

"भाभी वाढंल, चाचा."

"तुझ्या हातचं पायजे."

"लोक बघतायत."

"म्हनून तर भाईर बसलोय."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला ती चीर लागली व्हती, चाचा. थाळा धुताना बोटाला लागली. सासूला सांगनार व्हते. मंग वाटलं, नवी सून, म्हनतील हिनंच पाडला."

चाचांनी मान खाली घातली. एवढा वेळ खाली घातलेली मान मी त्यांची एरवी पाहिली नाही. जुबेदा आत गेली, भावजयीशी काही बोलणं झालं, भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि ती तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन आली. चाचा गल्लीकडे तोंड करून जेवले. मोठ्यानं म्हणाले, "अजून वाढ." समोरच्या दारातून एका बाईनं आपल्या मुलाला आत ओढून घेतलं.

शुक्रवारामागून शुक्रवार हे चाललं. त्यांची छाती आधीच भरलेली होती. जन्मभर भोकं पाडताना उडालेली चिनी मातीची पूड आत बसली होती. खोकला आला की होडीचा काठ धरून बसायचे. मी म्हटलं, एक शुक्रवार चुकवा. म्हणाले, "एक चुकला की म्हनतील, बघ, सोसलं नाय."

पावसाळ्यात मला पकडलं. श्रावणात चाचा गेले. सुटून आलो तेव्हा कळलं की त्यांच्या जनाज्यातच लोक आपसांत बोलत होते: खात होता ना तिच्या हातचं, शेवटी लागलंच. चाळीस वर्षं पूड गिळलेल्या माणसाचा जीव कशानं गेला हे ठरवायला त्यांना जुबेदाची भाकरी पुरली. जो आळ पुसायला ते गेले, त्याला त्यांच्याच मरणानं जोर आला. मी ओरडलो. माझं ओरडणं आता त्या गावाला सवयीचं झालंय.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ह्याआधी, पकडला जायच्या आदल्या शुक्रवारी. पावसानं थोडी उघडीप दिली होती. मला पलीकडे उतरून पुढच्या होडीनं वर जायचं होतं. चाचा पायरीवर बसले होते, मांडीवर ताट, जुबेदा चौकटीत. गल्लीत दहाबारा माणसं नुसती उभी.

चाचा पायरीवर थोडे सरकले. "बस," मला म्हणाले. "तू बी खा."

चाचांच्या घरी मी रोज त्यांच्या हातचं जेवत होतो, जात कधी आडवी आली नव्हती. लाख वितळताना मी डोळ्यांनी पाहिली होती. त्या बाईच्या बाजूनं मी पत्रक छापलं होतं. आणि तरी माझी नजर त्या कालवणावर गेली, आणि पुढं टाकलेला पाय मी मागं घेतला.

"होडी सुटतेय, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी मला ओळखलं असणार. जुबेदानंही पाहिलं. मी चिखलातून धावत गेलो, होडीत चढलो, नावाड्यानं वल्हं टेकवून लोटली. मागं वळून पाहिलं तर चाचा खाली बघून जेवत होते. डावा हात पायरीच्या मोकळ्या भागावर पालथा ठेवलेला होता, कुणासाठी तरी जागा धरून.